जोडलेले आहे, इंटरनेट नाही

दायामीचा लॅपटॉप सकाळी साडेनऊला पुन्हा सुरू झाला तेव्हा तिच्या बापाने, आर्सेनिओने, देवाचे आभार मानले आणि पावणेदहाला त्याच देवाला शिव्या घातल्या.

चार दिवस ते अपडेट उतरत होतं. चार दिवस! कायबारिएन गावात नेट दिवसा रांगतं, म्हणून आर्सेनिओ रोज पहाटे, गल्ली घोरत असताना उठून बसायचा आणि थोडं थोडं उतरवून घ्यायचा. परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं फर्मानच होतं तसं. यंत्रातली प्रणाली नव्यातली नवी हवी, नाहीतर परीक्षेची खिडकी उघडणारच नाही. बरं बाबांनो, केली नवी. दोन तास पडद्यावर ठिपके गोल गोल फिरले, यंत्र तीनदा मेलं, तीनदा उठलं. शेवटी समुद्राचं एक गुळगुळीत चित्र आलं, खरा समुद्र दोन गल्ल्यांवर असताना! कोपऱ्यात वायफायच्या सगळ्या रेघा झगझगीत दिसत होत्या आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : जोडलेले आहे, इंटरनेट नाही.

"म्हणजे काय?" आर्सेनिओ म्हणाला. "जोडलेलं आहे तर इंटरनेट का नाही?"

"मला काय विचारतोस, पपा? मी लिहिलंय का ते?"

दुपारी तीनला परीक्षा होती. माद्रिदची कंपनी, मालिकांमधलं बोलणं ऐकायचं आणि पडद्याखाली येणारी अक्षरं लिहायची, असलं काम. दायामीचा कान तिखट, लिहिणं स्वच्छ. तीन महिने पत्रं लिहून लिहून तिने ही परीक्षा पदरात पाडून घेतली होती. एकदाच देता येते. तीनला दार उघडणार, सव्वातीनला बंद. नोंदणीच्या वेळी कंपनीने याच लॅपटॉपचा क्रमांक घेतला होता, याच्याच कॅमेऱ्यातून तिचा चेहरा आणि ही खोली टिपली होती, त्यामुळे शेजारपाजारचं यंत्र मागून आणायचीही सोय नव्हती.

पास झाली तर ही पोरगी याच खोलीत, याच खिडकीपाशी बसून काम करणार होती. म्हणजे राहणार होती. नापास झाली तर ती मायेलीनच्या मागे जाणार. मायेलीन तिची शाळेपासूनची मैत्रीण. गेल्या वर्षी दूर दक्षिणेला, माँटेव्हिडिओला पोचली. विमानाने गयाना, तिथून ट्रकच्या मागे बसून जंगलातून ब्राझील, मग बसने खाली, खाली, अजून खाली. अकरा दिवस. त्याच वाटेने शेजारच्या ओनेलियाचा मुलगा युनिएल निघाला होता. ब्राझीलच्या हद्दीवरून त्याचा शेवटचा फोन आला, त्याला आता सात महिने झाले. बावीस तारखेला निघणाऱ्या टोळक्यात मायेलीनने दायामीसाठी जागा धरून ठेवली होती आणि हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आर्सेनिओ एकाहत्तर वर्षांचा. एकदा गेली की आपल्याला पुन्हा दिसायची नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून तो त्या बारीक अक्षरांकडे असा बघत होता की ती अक्षरं लाजून निघून जावीत.

आधी राउटर बंद करून चालू केला. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. मग दोन्ही बंद करून, शंभर आकडे मोजून, चालू केले. दायामीने यंत्राला घरचं वायफाय विसरायला लावलं, मग पुन्हा ओळख करून दिली, परवलीचा शब्द टाकला. रेघा उजळ. इंटरनेट नाही. यंत्रातच एक बटण होतं, 'बिघाड शोधा' म्हणून. ते दाबलं. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली आणि यंत्राने निकाल दिला : कोणताही बिघाड आढळला नाही.

"आढळला नाही म्हणे! गाढवा, तुझ्या पोटात आहे तो!" आर्सेनिओ पडद्यावर खेकसला.

"पपा, ओरडून येत असतं तर या देशात सगळ्यांकडे आलं असतं."

दायामीने आपल्या फोनवर नेट चालू केलं. फोनवर ते ठणठणीत चाललं. तिने फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. पुन्हा तेच! फोनला मिळतंय आणि फोनला चिकटलेल्या लॅपटॉपला मिळत नाही. म्हणजे दोष लाइनीचा नव्हे, राउटरचा नव्हे, यंत्राचाच. एवढं आर्सेनिओला कळलं, कारण चौतीस वर्षं तो टेलिफोन खात्यात लाइनमन होता आणि गावातल्या निम्म्या खांबांवर चढला होता. पण त्याच्यापुढे कळत काही नव्हतं. तारेला हात लावता येतो. याला कुठे हात लावायचा?

फोनवरून दायामीने कंपनीला लिहिलं : यंत्र बिघडलंय, तारीख बदलून मिळेल का? दोन मिनिटांत उत्तर आलं. तारीख बदलता येत नाही, आपला दिवस शुभ जावो.

"शुभ जावो!" दायामी हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

बाराच्या सुमाराला ओनेलिया कॉफी घेऊन आली. भाजलेल्या वाटाण्यांची पूड जास्त आणि कॉफी कमी, पण गरम होती. तिने पडदा बघितला, दायामीचं तोंड बघितलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रिगोला बोलावलंत का, माझ्या राणी?"

रिगो कोपऱ्यावर दारात टेबल टाकून फोन दुरुस्त करायचा. गल्लीतल्या प्रत्येक यंत्राची नाडी त्याच्या हाताखालून गेलेली. समोरचं गिऱ्हाईक तसंच बसवून तो आला, खुर्ची ओढली, बोटं मोडली.

"कधी केलंत अपडेट, उस्ताद?"

"आज सकाळी."

"परीक्षेच्या दिवशी? वा! लग्नाच्या दिवशी दात काढून घेतल्यासारखं झालं की हे."

"चार दिवस उतरत होतं रे. आज पूर्ण झालं. मी काय करू?"

रिगोने काळी खिडकी उघडली आणि पांढऱ्या अक्षरांत हुकूम सोडायला लागला. नेटच्या सगळ्या मांडण्या पुसल्या, पहिल्यासारख्या केल्या. यंत्र बंद, यंत्र चालू. नाही. वायफायला हाकणारा प्रोग्रॅम काढला, खिशातल्या पेनड्राइव्हवरून दुसरा बसवला. नाही. मग त्यापेक्षा जुना बसवला. तेव्हा रेघाच गेल्या. परत नवा बसवला, रेघा आल्या, इंटरनेट नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, माझा फोन कधी देतोस म्हणून. रिगोने मान न वळवता त्याला उद्या यायला सांगितलं.

"सगळं अपडेटच काढून टाक ना," आर्सेनिओ म्हणाला. "जसं होतं तसं कर."

"दोन तास लागतील. आणि जसं होतं तसं केलं, की परीक्षेची खिडकी म्हणेल, यंत्र जुनं आहे, चालते व्हा."

"म्हणजे पुढे गेलं तर नेट नाही, मागे आलं तर परीक्षा नाही."

"तसंच काहीसं."

सव्वादोनला रिगोने हात वर केले. त्याच्या काखा घामाने भिजल्या होत्या. "उस्ताद, खरं सांगतो, जे मोडलंय ते मला दिसतच नाही. सगळं जिथल्या तिथे आहे. तार आहे, दार आहे, चावी आहे, आणि आत कुणी जात नाही." त्याने दायामीकडे बघायचं टाळलं. "अजून एक पेनड्राइव्ह आहे घरी. बघतो." तो गेला, पण जाताना त्याची चाल पेनड्राइव्ह आणायला निघालेल्या माणसाची नव्हती.

दायामी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. एकोणतीस वर्षांची बाई, पण आर्सेनिओला ती नऊ वर्षांची दिसली. ही जाईल. ट्रकच्या मागे बसून जाईल. मग आपण रोज ओनेलियासारखे फोन उशाशी घेऊन झोपू. त्याला इतका राग आला की तो उठून उभा राहिला.

"आम्ही काय करायचो सांगू? लाइन मेली की?"

"पपा, नको ना आत्ता."

"ऐक तरी! लोक लाइनीवर काय वाटेल ते लटकवायचे. परसात मावशीला जोड फोन, शेजाऱ्याला चोरून एक तार, कुणी घंटा लावलेली. मग लाइन मेली की आमच्या नावाने बोंब. आम्ही शोधत नाही बसायचो, कुठे काय म्हणून. सरळ लाइन नागडी करायची. जे जे मागून लटकवलंय ते सगळं तोडायचं, भिंतीतून येणाऱ्या दोन तारा तेवढ्या ठेवायच्या आणि कान लावायचा. नव्वद टक्के वेळा आवाज यायचा. लाइन कधी मरत नाही, लोकांचं लटकवलेलं मरतं." त्याने लॅपटॉपवर बोट आपटलं. "याचं स्वतःचं काय आणि आपण लटकवलेलं काय, ते दाखव मला."

दायामीने त्याच्याकडे बघितलं. मग पाय खाली घेतले. तिने प्रोग्रॅमांची यादी उघडून दिली आणि काढायचं बटण दाखवलं. सहा वर्षांपूर्वी मेलेला प्रिंटर होता, तो काढला. दर आठवड्याला पेनड्राइव्हवर येणारे सिनेमे बघायचा प्रोग्रॅम होता, तो काढला. फळं फोडायचा एक खेळ होता. विषाणू पकडणारा पहारेकरी होता, त्याची मुदत कधीच संपली होती. एकेक काढायचं आणि कोपऱ्यात बघायचं. इंटरनेट नाही. इंटरनेट नाही.

दोन चाळीस झाले. कॅमेऱ्यापुढे बसायचं तर तोंड धुतलेलं हवं, केस बांधलेले हवेत. आणि बसायलाच मिळणार नसेल तरी निदान तयार असावं, असं काहीतरी तिच्या मनात आलं असेल. ती न्हाणीघरात गेली. आतून पाण्याचा आवाज आला.

"पोरी, अजून चार-पाच आहेत! काढू?"

"काढ, पपा! काय काढायचं ते सगळं काढ!"

यादीत सगळ्यात खाली कासव होतं. हिरव्या कासवाचं चित्र असलेला तो प्रोग्रॅम रिगोने गल्लीतल्या प्रत्येक यंत्रात घालून दिला होता. आपल्या देशातून गेलं की परदेशातली निम्मी पानं तोंडावर दार आपटतात. कासव चढवलं की यंत्र जगाला सांगतं, मी स्पेनमध्ये बसलोय, आणि मग दारं उघडतात; दायामीची नोंदणीही तशीच, स्पेनमधली म्हणून झाली होती. हे आर्सेनिओला माहीत नव्हतं असं नाही. गल्लीतलं शेंबडं पोरही नेट उघडण्याआधी 'कासव चढवलंस का' विचारतं. पण त्या घडीला तो खुर्चीवर बसलेलाच नव्हता. तो खांबावर होता, कमरेला पट्टा, हातात पक्कड, आणि दोन तारांवर आणखी एक उपरी वस्तू लटकत होती. शिवाय रिगोने ते दुपारीच बंद केलेलं, चित्र राखाडी पडलेलं. मेलेली वस्तू. यंत्राने विचारलं, खरंच काढायचं? आर्सेनिओने 'हो' दाबलं.

यंत्र बंद होऊन चालू झालं. समुद्र आला. रेघा आल्या. आणि खाली नुसतं लिहिलं होतं : जोडलेले आहे.

नुसतं. पुढे काही नाही.

आर्सेनिओने बोटाने पडदा पुसला. मग वर्तमानपत्राचं पान उघडून बघितलं. उघडलं! बेसबॉलचे निकाल, चक्रीवादळाची बातमी, सगळं फडाफड उघडलं.

"आलं!" तो असा ओरडला की ओनेलिया हातातला झाडू घेऊनच धावत आली. "दायामी! आलं गं, आलं! ये लवकर!"

दायामी ओल्या तोंडानेच बाहेर आली. पडद्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि त्याच्या गळ्यात पडून त्याचा शर्ट भिजवला. "कसं केलंस? कसं केलंस रे म्हाताऱ्या?"

"लाइन नागडी केली! सांगत होतो की नाही? रिगोला सांगा, म्हणावं, शिकायला ये माझ्याकडे!"

ओनेलियाने छातीवर क्रूस काढला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. तिलाही ही पोरगी जायला नको होती. घड्याळात दोन सत्तावन्न झाले होते. आर्सेनिओने पंखा तिच्या बाजूला वळवला, खिडकी लावून घेतली, ओनेलियाला हाताला धरून कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात उभं केलं. तो मूर्खासारखा हसत होता. गेल्या वर्षभरात इतका आनंद त्याला झाला नव्हता.

तीनला दायामीने परीक्षेची खिडकी उघडली. खिडकीने यंत्र तपासलं, प्रणाली नवी, बरोबर. कॅमेऱ्याने चेहरा तपासला, बरोबर. तिने आपला क्रमांक टाकला. एक गोल फिरला.

मग पान पांढरं झालं.

*ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही. नोंदणीतील माहिती खोटी आढळल्याने आपली नोंदणी रद्द करण्यात आली आहे.*

दायामीने ते दोनदा वाचलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली, जिथे हिरवं चित्र असायचं. यंत्र सुरू झालं की ते आपोआप यायचं, तीन वर्षं येत होतं, म्हणून तिने बघितलंच नव्हतं. कुणीच बघत नाही.

"पपा," ती हळूच म्हणाली. "कासव कुठंय?"

आर्सेनिओने पुन्हा बोटाने पडदा पुसला.

"पपा, कासव कुठंय?"

"काढलं."

ओनेलिया कोपऱ्यात "काय झालं? काय झालं?" विचारत होती. आर्सेनिओ पायात चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत धावला, एकाहत्तर वर्षांचा माणूस, भर उन्हात, आणि रिगोला दंडाला धरून ओढत घेऊन आला. रिगोने पेनड्राइव्हवरून कासव पुन्हा बसवलं. तीन बाराला ते हिरवं झालं. यंत्र आता स्पेनमध्ये बसलं होतं. दायामीने खिडकी उघडली, क्रमांक टाकला. *आपली नोंदणी रद्द करण्यात आली आहे. या निर्णयाचा पुनर्विचार होत नाही.* तिने पुन्हा टाकला. पुन्हा टाकला. सव्वातीन झाले तेव्हा रिगोने हळूच तिचा हात बटणांवरून उचलून बाजूला ठेवला.

"कासवानेच अडवलं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "अपडेटने त्याचं डोकं फिरलं. यंत्राला लपवता येईना, म्हणून त्याने काहीच बाहेर जाऊ दिलं नाही. ते त्याचं कामच आहे. मी त्याला बंद केलं, पण दार त्याने लावलेलंच होतं. काढून परत बसवलं असतं, की झालं असतं. पाच मिनिटांचं काम." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "माझी चूक, उस्ताद. मला सुचायला हवं होतं."

आर्सेनिओ खाटेच्या कडेवर बसला होता. पाय पोळले होते. त्याला वाटत होतं, पोरीने ओरडावं. काहीतरी फेकावं. म्हणावं, म्हाताऱ्या, कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? त्याने ते सगळं ऐकून घेतलं असतं, वर पायही धरले असते.

"तुझी चूक नाही, पपा," दायामी म्हणाली. "मीच म्हटलं ना, सगळं काढ."

तिने तोंड पुसलं. बांधलेले केस सोडून टाकले. मग लॅपटॉपवरूनच मायेलीनला लिहिलं. काय लिहिलं ते आर्सेनिओला दिसलं नाही, पण एकच ओळ होती, आणि ती लिहायला तिला फार वेळ लागला नाही.

मायेलीनचा लगेच फोन आला, चेहरा दिसणारा. एरवी तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत तुटत यायचा, आवाज मागे राहायचा, ओठ पुढे पळायचे. आज ती अशी दिसत होती, जणू टेबलापलीकडे बसलीय. तिच्या मागे भिंतीवर जाड कोट टांगलेला होता. त्याच्या गुंड्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

"बावीसला ना?" मायेलीन म्हणाली. "थांब, मी आत्ताच त्यांना कळवते. जाड मोजे आण. आणि बापाला सांगितलंस का?"

"इथेच आहे तो."

दायामीने पडदा थोडा वळवला. आर्सेनिओला उठावंच लागलं. तो पोरीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ होती.

"काका! कसे आहात?" मायेलीनने हात हलवला. "अय्या, किती स्वच्छ दिसताय! आज नेट काय झकास चाललंय तुमच्याकडे!"

"हो," आर्सेनिओ म्हणाला. "मीच दुरुस्त केलं."